जकातीनंतरची शहरं



स्मृतिव्याख्यान म्हटलं की वक्ते साहित्याकडे, इतिहासाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतात. मी कराकडे वळलो आहे, आणि तो पूर्ण विचारानं. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते आणि व्हाइसरॉयच्या स्वागतावरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. याच नगरपालिकेचं अध्यक्षपद गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळलं. अशा शहरात लोकांच्या पैशाचा हिशेब मांडणं हा संस्कृतीचाच विषय आहे, असं मी मानतो.

मुंबई मोठी की पुणं मोठं, हा वाद आपण हौसेनं घालतो. त्यात आता पिंपरी-चिंचवडही उतरलं आहे. रस्ते कुणाचे चांगले, पाणी कुणाकडे जास्त, नोकऱ्या कुठे अधिक? आज मी हा वाद महापालिकेच्या अंदाजपत्रकापाशी नेणार आहे. तिथे जमेची एक बाजू असते, आणि माझ्या मते शहराचा स्वभाव त्याच बाजूला कळतो.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीतून शहराला उत्पन्न मिळतं, त्या गोष्टीसाठी शहर झटतं. जिच्यातून काही मिळत नाही, तिच्याकडे त्याचं लक्ष जात नाही. कारखान्यातून पैसा येत असेल तर शहर कारखान्यासाठी रस्ता करील. इमारतीच्या परवानगीतून पैसा येत असेल तर शहर परवानग्या देत राहील. म्हणून दोन शहरांची तुलना करताना "तिथे कर किती?" एवढंच विचारून भागत नाही. "तिथे कर कशावर?" हे विचारावं लागतं. आणि त्याहून पुढे जाऊन, "तो ठरवतं कोण?" हेही विचारावं लागतं.

या तीन प्रश्नांच्या आधारानं मी चार मुद्दे मांडणार आहे.

पहिला मुद्दा जकातीचा.

करात सूट देऊन व्यापार ओढून घेणं आपल्याला नवं नाही. पेशवाईत पुण्यात नवी पेठ वसवायची झाली की शेटे-महाजनांना कौल दिला जाई आणि बाहेरून येऊन दुकान मांडणाऱ्यांना काही वर्षं करात माफी मिळे. आज राज्यं मोठ्या उद्योगांना सवलतींची पत्रं देतात, त्याचीच ही जुनी रीत. शहरं एकमेकांशी स्पर्धा करतात आणि त्या स्पर्धेत कर हे हत्यार असतं, हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्या पिढीनं पाहिलेली जकात म्हणजे शहराच्या वेशीवर मालावर घेतलेला कर. २०१७ च्या आधी रात्रीच्या वेळी ज्यांनी ठाण्याकडून मुंबईत प्रवेश केला असेल, त्यांना मुलुंडचा नाका आठवेल. एका बाजूला ट्रकची रांग. चालक बिलटी आणि बिलं हातात घेऊन खिडकीकडे निघालेला. बिलावर लिहिलेली मालाची किंमत खरी की खोटी, यावर वाद. मध्ये दलाल. इंजिन बंद, माल जागच्या जागी, आणि डोक्यावर उद्या सकाळी बाजारात पोचायची घाई. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळीकडे हेच चित्र. पुण्यातही वेगळं नव्हतं. या करानं माल अडला, वेळ गेला, डिझेल जळलं, भ्रष्टाचार पोसला गेला. जकात जायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती गरिबाच्या साबणावर आणि कापडावरही पडायची, आणि आपण ती भरतो आहोत हे त्या गरिबाला कळतही नसे.

पण या जकातीनं शहरं घडवली, हेही खरं आहे.

पिंपरी-चिंचवड पाहा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळानं जमिनी दिल्या. आकुर्डीत बजाज आली, पुढे टेल्को आली, त्यांच्या मागे शेकडो लहान कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यात येणाऱ्या पोलादावर, सुट्या भागांवर जकात पडे आणि तिजोरी भरे. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका अशी तिची ओळख सांगितली जायची. आता विचार करा, अशी महापालिका कारखान्याकडे कसं पाहील? कारखाना चालला तर आपण चालू, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. रुंद रस्ते, आखलेले चौक, वेळेवर पाणी, हे सगळं त्या हिशेबातूनही आलं.

मुंबईचं वेगळं. तिथे कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या, पण जकात थांबली नाही. कारण मुंबई खात होती, नेसत होती, विकत घेत होती. शिवाय माहुल-चेंबूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावर जकात होती, आणि ती रक्कम फार मोठी होती. कारखानदारी ओसरत गेली, तरी मुंबई महापालिकेची तिजोरी भरलेली राहिली, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

जकातीनं जशी शहरं घडवली, तशी शहराबाहेरची गावंही घडवली. भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत एवढी गोदामं का उभी राहिली? जमीन स्वस्त होती, हमरस्ता जवळ होता, हे तर झालंच. पण माल जकातीच्या हद्दीबाहेर ठेवायचा आणि मुंबईला लागेल तसा थोडा थोडा आत न्यायचा, हा हिशेबही त्यामागे होता. वर्षभराचा माल एकदम आत नेऊन त्यावर आजच जकात कोण भरील? एका कराची रेषा नकाशावर आखली गेली आणि तिच्या पलीकडे गोदामांचं एक शहर उभं राहिलं. कर अर्थव्यवस्थेला कसा आकार देतो, हे समजून घ्यायचं असेल तर पुस्तक उघडण्याआधी भिवंडीला जाऊन यावं.

दुसरा मुद्दा. जकात गेली, मग तिच्या जागी काय आलं?

क्रम आठवून पाहू. कर्नाटकानं जकात १९७९ मध्येच बंद केली. गुजरातनं २००७ मध्ये अहमदाबादसारख्या मोठ्या शहरांतूनही ती उठवली. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात काढली, पण महापालिकांची ठेवली. मग २०१० पासून लहान महापालिकांत स्थानिक संस्था कर आला, ज्याला आपण एलबीटी म्हणतो. १ एप्रिल २०१३ ला तो पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, ठाणे अशा मोठ्या शहरांत आला. नाक्यावर गाडी अडवायची नाही, व्यापाऱ्यानं आपल्या वहीवरून हिशेब करून कर भरायचा. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून विरोध केला. त्यांची भीती होती की नाक्यावरचा माणूस आता दुकानात येऊन बसेल. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना या करातून सूट मिळाली, आणि बहुतेक सगळे व्यापारी सुटले. शेवटी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. उरलेला एलबीटी गेला, मुंबईची जकातही गेली. राज्यघटनेच्या राज्यसूचीतून जकातीची नोंदच वगळली गेली.

मुंबईला तोवर जकातीतून वर्षाला ७ हजार कोटींच्या घरात उत्पन्न मिळत होतं. ते भरून द्यायला राज्यानं कायदा केला, हे महाराष्ट्राच्या श्रेयाचं आहे. हा कायदा म्हणतो की २०१६-१७ चं उत्पन्न आधार धरू आणि दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवून भरपाई देऊ. जुलै २०१७ मध्ये मुंबईला पहिला धनादेश मिळाला, सुमारे ६४७ कोटींचा. त्यानंतर भरपाई येत राहिली. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात मुंबई महापालिकेनं या एका खात्यावर १४,३९८ कोटी धरले आहेत. तिच्या महसुली उत्पन्नाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा.

मग तक्रार कशाची? पैसे तर मिळताहेत!

तक्रार पैशांची नाही, नात्याची आहे. श्रोतेहो, हे मला सावकाश सांगू द्या. जकात वाईट होती, पण शहराचा व्यापार वाढला की ती वाढायची आणि व्यापार मंदावला की घटायची. शहराचं भलं आणि तिजोरीचं भलं एकाच दोरीला बांधलेलं होतं. ती दोरी तुटली. आता शहर धावलं तरी आठ टक्के, शहर रेंगाळलं तरी आठ टक्के. पुण्यातल्या बाजारपेठा उद्या दुपटीनं फुलल्या, तर त्यांतून निघणारा जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जाईल. रस्ता मात्र महापालिकेलाच करायचा आहे, कचरा महापालिकेलाच उचलायचा आहे, पार्किंगचा वैताग महापालिकेलाच सोसायचा आहे. बाजार वाढण्याचा खर्च शहराच्या वाट्याला आला आणि उत्पन्न दुसरीकडे गेलं. अशा शहराला बाजार वाढावा असं का वाटेल?

अहमदाबादचं उदाहरण इथे बोलकं आहे. १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेनं राज्याची हमी न घेता १०० कोटींचे रोखे काढले. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या रोख्यांच्या पाठीशी काय होतं? जकात नाक्यांवरचं रोजचं उत्पन्न. शहराच्या हातात स्वतःचा, वाढता कर असेल तर बाजार त्याच्यावर विश्वास ठेवतो. पुण्यानंही २०१७ च्या जूनमध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण दर महिन्याला दुसऱ्याच्या खात्यातून येणाऱ्या पैशावर शहराची पत किती दिवस उभी राहील?

तिसरा मुद्दा. जकात गेल्यावर शहराच्या हाती उरला तो मालमत्ता कर. आणि तिथेच सगळ्यांत मोठी कोंडी आहे.

मुंबईत हा कर जुन्या काळी भाड्यावरून ठरायचा. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी गोठली. भाडं गोठलं म्हणून कर गोठला. दक्षिण मुंबईतल्या जुन्या, प्रशस्त घरावर किरकोळ कर आणि उपनगरातल्या नव्या, लहान घरावर त्याच्या कितीतरी पट, असं चित्र वर्षानुवर्षं राहिलं. २०१० पासून मुंबईनं भांडवली मूल्यावर कर घ्यायला सुरुवात केली, म्हणजे घराच्या बाजारभावाशी कर जोडला. दिशा बरोबर होती. पण १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर पूर्ण माफ झाला. लहान घरात राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या कुटुंबाला दिलासा मिळाला, त्यात मला आनंदच आहे. पण मुंबईतलं ५०० चौरस फुटांचं प्रत्येक घर गरिबाचं असतं का? माफी चौरस फुटांवर दिली गेली, ऐपतीवर दिली गेली नाही. आणि ही माफी कुणी जाहीर केली? राज्य सरकारनं. उत्पन्न गेलं कुणाचं? महापालिकेचं.

पुण्यात वेगळी पद्धत आहे. इथे आजही करयोग्य भाड्यावर कर ठरतो आणि स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे. ती १९७० पासूनची. मध्ये लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, सवलत बंद झाली, लोकांना थकबाकीची बिलं आली, आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा लागू केली. या सभागृहातल्या अनेकांनी त्यासाठी पीटी-३ अर्ज भरला असेल. सवलत असावी की नसावी, यावर दोन मतं असू शकतात. पण मी विचारतो, पुण्यातल्या घरावर पुणे महापालिकेनं किती कर घ्यायचा, याचा निर्णय मुंबईत मंत्रालयात का व्हावा?

जरा बिल हातात घेऊन पाहा. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलावर एकाखाली एक ओळी असतात: सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. यातला राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिका गोळा करते आणि राज्याला देते. रस्त्याचे पैसे, झाडांचे पैसे, शाळांचे पैसे, सगळे एका कागदावर. हा कागद म्हणजे नागरिक आणि शहर यांच्यातला करार आहे. पण आपण त्याची शेवटची ओळ वाचतो, रक्कम भरतो आणि कागद फडताळात टाकतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मालमत्ता कर वाढवायचा नाही, सवलती काढायच्या नाहीत, भरपाईची वाढ आठ टक्क्यांच्या वर जायची नाही. मग शहरानं पैसा आणायचा कुठून? उत्तर तुमच्या-माझ्या खिडकीतून दिसतं. बांधकामातून. जादा चटईक्षेत्रासाठी अधिमूल्य, विकास शुल्क, परवानगी शुल्क. मुंबईच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात विकास नियोजन खात्याकडून सुमारे ९,७०० कोटी धरले आहेत आणि मालमत्ता करातून सुमारे ५,२०० कोटी. म्हणजे उभ्या असलेल्या लाखो इमारतींमधून जेवढं मिळतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट उभ्या राहायच्या इमारतींच्या परवानग्यांमधून मिळायचं आहे. पुण्यातही बांधकाम परवानगी हा उत्पन्नाचा मुख्य आधार झाला आहे.

याचा अर्थ कळतो का? मालमत्ता कर हा पगारासारखा आहे, दरवर्षी येणारा. परवानगीचं शुल्क ही जमीन विकून आलेली रक्कम आहे, एकदाच येणारी. इमारत एकदा झाली की तिच्याकडून शुल्क पुन्हा मिळत नाही, पण तिला पाणी रोज द्यावं लागतं. मग पुढचं पाणी द्यायला आणखी एक इमारत मंजूर करावी लागते, आणि त्या इमारतीलाही पाणी लागतंच. टेकड्यांवर, ओढ्यांवर, खाडीच्या काठावर बांधकाम चढत का जातं, असं आपण विचारतो आणि कुणा एका अधिकाऱ्याला, कुणा एका बिल्डरला दोष देतो. दोषी माणसं असतील, त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण शहराच्या जमेची बाजूच अशी मांडलेली आहे की वीट रचली नाही तर तिजोरी रिकामी होते. ही मांडणी बदलल्याशिवाय टेकडी वाचणार नाही, असं मी अगदी कळकळीनं सांगतो.

चौथा मुद्दा. शहराची कमाई कुठे होते आणि शहराची हद्द कुठे संपते?

पुण्याची आजची अर्थव्यवस्था सेवांवर उभी आहे. सॉफ्टवेअर, शिक्षण, संशोधन, अभियांत्रिकी. या सेवा जकात नाक्यावरून कधीच गेल्या नाहीत. संगणकात लिहिलेल्या कामाला बिलटी नसते. पुण्याची तिजोरी मालावर अवलंबून होती आणि पुण्याची कमाई मालाबाहेर वाढत होती.

आणि ही कमाई होते कुठे? हिंजवडीचं राजीव गांधी आयटी पार्क ना पुणे महापालिकेत आहे, ना पिंपरी-चिंचवडमध्ये. ते मुळशी तालुक्यात, हिंजवडी आणि माण या ग्रामपंचायतींच्या भागात, औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर आहे. तिथे काम करणारी माणसं राहतात बाणेर-बालेवाडीत, म्हणजे पुणे महापालिकेत, किंवा वाकडला, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये. पावसाळ्यात तिथल्या रस्त्यावर पाणी साचलं की जबाबदार कोण? ग्रामपंचायत, महामंडळ, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग. तासभर गाडीत अडकलेल्या माणसाला चार कार्यालयांची नावं ऐकवली जातात. चाकणचंही तसंच. देशातल्या मोठ्या वाहन कारखान्यांपैकी काही तिथे आहेत, आणि त्यांचा भार पेलणारा रस्ता मात्र कुणाच्याच हिशेबात नीट बसत नाही.

मग उपाय म्हणून आपण हद्द वाढवतो. २०१७ मध्ये पुण्यात ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात पुणं मुंबईच्याही पुढे गेलं. पण गावांना काय अनुभव आला? कराची बिलं आधी आली आणि पाणी आलं नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी अख्ख्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. ती महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कर आणि सेवा यांचा मेळ बसला नाही की माणसं शहर सोडत नाहीत, पण गावंच्या गावं शहर सोडायला निघतात. ही गोष्ट पुण्यासारख्या शहरानं मनाला लावून घ्यायला हवी.

सेवांवर आधारलेल्या शहराला साजेसा एक कर आपल्याकडे आहे. व्यवसाय कर. नोकरदार मंडळींनी आपली पगारपत्रिका आठवावी: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. ही मर्यादा घटनेतच घातलेली आहे आणि ती १९८८ पासून तीच आहे! त्या वेळी २,५०० रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं, हे मी सांगायची गरज नाही. तमिळनाडूत आणि केरळात हा कर स्थानिक संस्था घेतात. चेन्नईच्या कार्यालयात काम करणाऱ्या माणसाचा व्यवसाय कर चेन्नई महापालिकेकडे जातो. महाराष्ट्रात तो राज्य घेतं.

इथे एक गोष्ट मात्र न सांगता पुढे जाणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रानं १९७५ मध्ये हा कर आणला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली ती योजना. मुंबईच्या बँकेत काम करणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशांवर माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या बाईला पाझर तलावाच्या कामावर मजुरी मिळाली. शहरानं गावासाठी दिलेला हा हिस्सा महाराष्ट्राच्या इतिहासातलं अभिमानाचं पान आहे. म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. शहराचा पैसा शहरातच राहिला पाहिजे, असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्याची श्रीमंती कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांनीच घडवली आहे, तिच्यात गावाचा वाटा आहेच. पण तो वाटा ठरलेला असावा, लिहिलेला असावा, सगळ्यांना दिसणारा असावा. रोजगार हमी तशी होती. आज शहरातून किती जातं आणि शहराला किती परत येतं, हे सामान्य माणसाला कुठल्या कागदावर वाचायला मिळतं?

आता तुलनेचा शेवटचा आकडा. २०२५-२६ चं मुंबईचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. सहापटीच्या जवळ. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, पुण्याची ३१ लाखांच्या वर, म्हणजे चौपट. मग मुंबई श्रीमंत आणि पुणं गरीब? एवढं सोपं नाही. मुंबई महापालिका मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा ही स्वतःची धरणं सांभाळते. केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं आणि त्यांची वैद्यकीय महाविद्यालयं चालवते, जिथे सगळ्या महाराष्ट्रातून रुग्ण येतात. पुणं खडकवासल्याच्या पाण्यासाठी जलसंपदा खात्याकडे बघतं. एकाच्या डोक्यावर जास्त जबाबदारी आहे, म्हणून हातात जास्त पैसा आहे. नुसते आकडे शेजारी मांडून शहरांची भांडणं लावणं सोपं असतं. प्रत्येक आकड्यामागे कोणतं काम आहे, हे पाहिल्याशिवाय ती तुलना प्रामाणिक होत नाही.

आणि दोन्ही शहरांत एक गोष्ट समान आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तिनं शहरांना घटनेत जागा दिली, पण करांची स्वतंत्र यादी दिली नाही. कोणता कर घ्यायचा, किती घ्यायचा, हे राज्यच ठरवतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. प्रशासकांनी अंदाजपत्रकं मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. कर आपण भरत होतो, पण त्याबद्दल सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं. ज्या देशानं "आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर नको" हे तत्त्व परकीय सत्तेला सुनावलं, त्या देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात हे घडलं.

मग करायचं काय? मी पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, शहरात जमा होणाऱ्या राज्य जीएसटीचा ठरावीक हिस्सा कायद्यानं महापालिकेला मिळावा. ठरावीक आठ टक्क्यांची वाढ नको, शहराच्या व्यापाराबरोबर वाढणारा आणि घटणारा हिस्सा हवा. राज्य वित्त आयोग यासाठीच नेमलेला असतो.

दुसरी, मालमत्ता कराचा दर ठरवायचा अधिकार महापालिकेच्या सभागृहाला असावा. सवलत द्यायची तर ऐपत पाहून द्यावी, आणि राज्यानं सवलत जाहीर केली तर तिचा भार राज्यानं उचलावा.

तिसरी, व्यवसाय कराची मर्यादा वाढवावी आणि वाढलेला हिस्सा ज्या शहरात ते काम होतं, त्या शहराला द्यावा. रोजगार हमीचा जुना हिस्सा गावाकडेच राहू द्यावा.

चौथी, हिंजवडी, चाकण, भिवंडी अशा हद्दीबाहेरच्या कमाईसाठी महानगराचा एक सामाईक निधी असावा. गावानं जमीन दिली, शहरानं माणसं दिली, दोघांचा वाटा त्यात लिहिलेला असावा.

पाचवी, बांधकाम परवानगीतून येणारा पैसा रोजच्या खर्चाला वापरू नये. तो धरण, जलवाहिनी, सांडपाणी प्रकल्प अशा पिढ्यान् पिढ्या टिकणाऱ्या कामांसाठीच राखून ठेवावा. एवढं केलं तरी शहराची इमारतींवरची भूक कमी होईल.

आणि सहावी गोष्ट सरकारनं करायची नाही, ती आपण करायची आहे. सवलतीच्या घोषणेवर टाळ्या वाजवणं आपण थांबवू. "कर माफ" म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारू, मग कचरा कशातून उचलणार? आणि "रस्ते गुळगुळीत करू" म्हणणाऱ्याला विचारू, पैसा कशातून आणणार? मालमत्ता कराचं बिल एकदा शेवटपर्यंत वाचू. प्रभागातल्या नगरसेवकाकडे जाऊन त्यातली एकेक ओळ कुठे खर्च झाली, हे विचारू. दहा माणसांनी विचारलं तर तो उत्तर टाळील. हजार माणसांनी विचारलं तर त्याला अंदाजपत्रक वाचावं लागेल.

मुंबई मोठी की पुणं मोठं, या वादात मला आता रस उरलेला नाही. ज्या शहराचे नागरिक आपला कर समजून भरतील आणि समजून खर्च करून घेतील, ते शहर मोठं. तो मान अजून कुणीच मिळवलेला नाही. येत्या एप्रिलमध्ये नवं बिल घरी येईल. तिथूनच सुरुवात करू.